मोत्याला विंचरायचं राहिलं

वन्सं, काल मोत्याला नगरला नेऊन आणलं. तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही आणि दुसऱ्या कुणापाशी हे बोलायची सोय नाही. म्हणतील, घरातलं माणूस जाऊन धड महिना झाला नाही आणि ही बया कुत्र्याच्या केसांचं काय घेऊन बसलीय. म्हणू देत. तुम्ही तसं म्हणाला नसतात. तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारला असतात.

विचारलातच की. दवाखान्यात मला दोन मिनिटं आत सोडलं होतं. नाकात नळी, हाताला सुई, तोंड एवढंसं झालेलं. तुम्ही बोटानं जवळ बोलावलंत. मला वाटलं, काही ठेवलं-झाकलं असेल ते सांगताय, म्हणून कान अगदी तोंडाशी नेला. तर म्हणता काय, "मंगल, मोत्याचे मागचे पाय राहिलेत. विंचरलेस का?" माझं डोकंच फिरलं. "अहो, आधी स्वतःकडे बघा! नळ्या लागल्यात नाकात आणि कुत्र्याचं काय विचारताय?" तुम्ही डोळे मिटून घेतलेत. तो तुमचा नेहमीचा राग, समोरच्याशी बोलण्यात अर्थ नाही असा. मग सिस्टरनं मला बाहेर काढलं. आपलं शेवटचं बोलणं हे. इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आणि शेवटी काय, तर वादावादी. समाधान एवढंच, की मी गोड बोलले असते तर तुम्हाला लगेच संशय आला असता की आपलं काही खरं नाही.

कुत्र्याची हौस तुमचीच. शाळेतनं निवृत्त झालात, लोक काशी करतात, तुम्ही पुण्याला एका विद्यार्थिनीकडे म्हणून गेलात आणि येताना टोपलीत पूडल घेऊन आलात. शेवगावात पूडल! गल्ली लोटली बघायला. दुधाची हौसाबाई किटली खाली ठेवून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, ह्ये मेंढरू कुठनं आनलं?" तुम्ही तिच्याच भाषेत तिला, "मेंढरू न्हाई, कुत्रं हाय ते." तर ती म्हणते, "आसं व्हय? मंग लोकर किती निघती?" मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले होते. पुण्याच्या त्या मुलीनं त्याला काहीतरी चॉकलेटासारखं नाव ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात, "आमच्या वडिलांच्या घरी कुत्रा म्हणजे मोत्या. हाही मोत्या." दारात उभं राहून तुम्ही हाक मारलीत की गल्लीतले दोन-तीन बेवारस मोत्येही शेपट्या हलवत यायचे.

मला तो नको होता. हे मी लपवलंही नाही. घरात केस होतील, म्हणाले. त्यावर तुम्ही मला समोर बसवून वर्गात शिकवावं तसं शिकवलंत. ह्याचे केस गळून घरभर पडत नाहीत, म्हणालात. गळतात ते आतच अडकतात, कुरळ्यात कुरळा गुरफटतो आणि विंचरलं नाही तर गाठ होते, गाठीची जट होते. नगरला दुकानात नेऊन महिना-दीड महिन्यांनी कात्रीनं कापून आणायचं ते वेगळं. पण खरं काम मधल्या दिवसांत असतं, ते घरच्यांचं. "दुकानवाली काय, पाटी पुसून देते," म्हणालात, "रोजचा अभ्यास आपल्यालाच घ्यावा लागतो." मी म्हणाले, हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही. आणि भांडी घासायला निघून गेले.

पण 'घरच्यांचं काम' म्हणताना त्यात मीही आले, हे मला उशिरा कळलं.

सकाळची उन्हं गच्चीवर आली की तुमची हाक यायची. "मंगल, मुंडकं धर." तुम्ही पाटावर, मी समोर सतरंजीवर, मोत्या मधे. त्याचं डोकं माझ्या मांडीवर आणि बाकीचा सगळा तुमच्या ताब्यात. आधी तारेचा ब्रश, मग स्टीलचा कंगवा. पायापासून वर जायचं. एका हातानं वरचे केस दाबून धरायचे, खाली भांग पाडायचा, कातडी दिसली पाहिजे. तेवढीच ओळ विंचरायची, मग वरची ओळ. वरवर ब्रश फिरवून कुत्रा छान फुगलेला दिसतो आणि आत गाठी तशाच राहतात, त्याला तुम्ही 'पाहुण्यांसाठी झाडलेलं घर' म्हणायचात आणि माझ्याकडे बघायचात. मला कळत नव्हतं असं नाही. कंगवा मुळापासून टोकापर्यंत कुठंही न अडता गेला की तो भाग झाला. अख्खा कुत्रा एका बैठकीत कधी घेतला नाहीत. आज पुढचे पाय, उद्या मागचे, परवा पोट आणि काखा. कानामागं मात्र रोज, कारण तिथं गाठ आधी धरते.

पंजे माझ्याकडे होते, तेवढं माझ्यावर सोपवलंत. आपल्याकडची कुसळं काही पुण्याच्या कुत्र्यांना ठाऊक नाहीत. शेताकडनं फिरून आला की बोटांच्या बेचक्यात गोखरूचा काटा हमखास. तो मी काढायची. विंचरायला मात्र तुम्ही मला कधी दिलं नाहीत. एकदा मागितला कंगवा, तर म्हणालात, "तुझा हात जड आहे." मी तोंड फुगवून बसले. मोत्याचं डोकं मात्र सोडलं नाही.

आणि वन्सं, आपण जे काही बोललो ते तिथंच बोललो. स्वयंपाकघरात आपलं बोलणं म्हणजे मीठ घातलंस का आणि गॅस बंद केलास का. गच्चीवर तुमचे डोळे केसांत, माझे मोत्याच्या तोंडाकडे, एकमेकींकडे बघायचं नाही, त्यामुळे बोलता यायचं. तुम्ही लग्न का केलं नाहीत ते मला तिथं कळलं. मला मूल नाही त्याबद्दल सासूबाई काय काय बोलायच्या आणि तुम्ही त्यांना एकदा काय सुनावलंत, तेही तिथंच कळलं, तेही तुमच्या तोंडून, आणि तेही दुसरंच काहीतरी सांगता सांगता. मी नुसतं मोत्याचं कपाळ चोळत राहिले. त्या कुत्र्यानं आपल्या घरात काय केलं म्हणाल, तर आपल्या दोघींना एका सतरंजीवर बसवलं. सासूबाईंना ते जमलं नव्हतं, तुमच्या भावाला तर नाहीच.

आपलं भांडण एकच, आणि ते दर उन्हाळ्यात. मी म्हणायची, मशीन लावून बारीक करून टाका सगळं, सुटेल बिचारा. तुम्ही म्हणायचात, बोटभर केस हवेतच, उन्हाला तेच आडोसा असतात, आणि त्याला त्याचं रूप आहे ते का घालवायचं. "तुम्हाला त्याची काळजी नाही, स्वतःच्या कामगिरीचा डौल आहे," असंही मी एकदा बोलले. जिभेला हाड नाही माझ्या. तुम्ही कंगवा खाली ठेवून म्हणालात, "माझ्यामागं काय करायचं ते करा. मी असेपर्यंत ह्याला मशीन लागणार नाही." सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असं मी पुटपुटले, आणि तुम्ही ते ऐकलंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हाक आलीच. "मंगल, मुंडकं धर."

तुम्ही गेलात त्या दिवसापासून घर माणसांनी भरलं. मिरजगावच्या काकू आल्या, तुमच्या वडिलांच्या पाठच्या भावाची बायको, म्हणजे आता घरात सगळ्यांत मोठं माणूस तेच. त्यांनी आल्या आल्या कारभार हातात घेतला. देव झाकले. घरात तेल नाही, कंगवा नाही, नखं कापायची नाहीत, सुतकाचे दहा दिवस. तुम्हाला ह्यातलं काही पटायचं नाही, हे मला ठाऊक होतं, पण तुमचं पटणं-न पटणं विचारायला तुम्ही होतात कुठं?

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मला तुमचा तो प्रश्न आठवला, मागचे पाय राहिलेत. म्हणून मी मोत्याला अंगणात घेतलं आणि कंगवा काढला. काकू ओसरीवरनं म्हणाल्या, "अगं बाई, सुतकात कंगवा काढलास?"

"काकू, कुत्र्याला कसलं आलंय सुतक?"

"का गं? ती तर त्याला लेकरू म्हणायची ना? मग घरातलं नाही का ते? तिचं सुतक त्यानं नाही धरायचं तर कुणी धरायचं?"

वन्सं, मी भांडायला तोंड उघडलं होतं आणि ते तसंच मिटलं. तुमच्यामागं पोटचं कुणी नाही, असं येणारं-जाणारं माणूस चुकचुकत होतं, आणि ही म्हातारी म्हणतेय, आहे की, हे काय बसलंय. मला एकदम रडू फुटलं. त्या दिवशी पहिल्यांदा. मी कंगवा उचलून ठेवून दिला. मला वाटलं, तुमचा मान ठेवतेय मी.

मोत्या दारात पडून असायचा. कोण येतंय बघायचा, तुम्ही नाही म्हटल्यावर मान टाकायचा. येणाऱ्यांच्या पायांखालची माती, अंगणातला पाला, सगळं त्याच्या अंगात. त्याच्याकडे बघायला सवड कुणाला होती? दहाव्याला हे गोदेकाठी पैठणला जाऊन आले, डोकं भादरून. घरात सगळ्यांची न्हाणी झाली, अंथरुणं-पांघरुणं धुतली, अंगण सारवलं. मी म्हणाले, मग ह्यानं काय पाप केलंय? घंगाळात गरम पाणी काढलं आणि मोत्याला घातली अंघोळ. त्याच्याशी बोलत, पाठीवरनं हात फिरवत घातली. मग जुन्या टॉवेलानं खसाखसा पुसलं आणि दिलं उन्हात सोडून.

तुम्ही वर कपाळाला हात लावला असेल. माझ्या देखत शंभरदा सांगितलं होतंत, आधी विंचरायचं, मग पाणी. गाठीवर पाणी पडलं की गाठ आवळते. पुसायचं ते टिपून, चोळून नाही. आणि वाळवताना एका हातात ड्रायरचा वारा, दुसऱ्या हातात ब्रश. सगळं पाठ होतं मला. इतकी वर्षं मांडीवर मुंडकं धरून ऐकलं होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एवढंच होतं, की सुतक फिटलं, आता ह्यालाही न्हाऊ घालूया. आमच्यासारख्यांच्या हातून चूक व्हायची ती अशी, सोवळ्यानं आणि मायेनं.

ऊन उतरलं तेव्हा त्याच्या अंगाला हात लावला. घोंगडी लागली हाताला. काखेत, कानामागं, पोटावर सगळीकडे दाबलेल्या लोकरीसारखा नुसता नमदा झालेला. कंगव्याचा दात आत जाईना.

काकू म्हणाल्या, "कापून टाक, परत येतील." आणि मी त्यांच्यावर ओरडले. एवढ्या मोठ्या बाईवर, भरल्या घरात. काकूंना बिचाऱ्यांना काय ठाऊक, की हेच वाक्य ह्याच घरात माझ्याबद्दल कुणी म्हटलं होतं.

तुम्हाला आठवत असेल. लग्न होऊन वर्ष झालं असेल-नसेल, मला टायफॉईड झाला. महिनाभर अंथरुणात. केस माझे तेव्हा कमरेखाली, त्यांचा मागं पार पेंढा झाला. सासूबाई म्हणाल्या, "कापून टाका, परत येतील." मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. बोलायची ताकद नव्हती आणि हक्कही नव्हता. तुम्ही शाळेतनं आलात, हातपाय धुतलेत, खोबरेलाची वाटी घेतलीत आणि माझ्या मागं येऊन बसलात. टोकापासून सुरुवात केलीत. मुळाशी मूठ आवळून धरायचात, मला हिसका बसू नये म्हणून. रोज शाळा सुटल्यावर, अंधार पडेपर्यंत. एक शब्द बोलला नाहीत. मीही नाही. किती दिवस चाललं होतं कोण जाणे, पण एका संध्याकाळी तुम्ही वेणी घातलीत, पुढं टाकलीत आणि चहा टाकायला उठून गेलात.

मी तुम्हाला त्याबद्दल कधी काही म्हणाले नाही. घरच्या माणसाचे आभार मानायचे म्हणजे त्याला परकं करायचं, असंच शिकवलेलं. मग मी तुमच्या डाळीला नावं ठेवत राहिले आणि तुम्ही माझ्या पोळ्यांना. गच्चीवर इतकं बोललो, तेवढं मात्र बोललो नाही. दरवेळी तुम्ही मोत्याच्या गाठीच्या मुळाशी मूठ धरायचात तेव्हा मला ते आठवायचं, तोंडाशी यायचं, आणि मी म्हणायची, "आवरा आता, कुकर लावायचाय."

तर आता कळलं ना, मी का ओरडले? वन्सं, मला मोत्याचे केस कापू द्यायचे नव्हते. तुम्ही माझे कापू दिले नाहीत, मी तुमच्या लेकराचे कापू देणार नव्हते. जट सोडवायची, तुम्ही सोडवलीत तशी, टोकापासून, न बोलता. तेवढं केलं की झालं, असं माझ्या मनानं घेतलं. माझं तुम्हाला जे काही द्यायचं राहिलं होतं ते अशानं तुमच्यापर्यंत पोचेल, असं वाटत होतं मला. वेड म्हणा हवं तर.

पाहुणे गेले आणि मी बसले. खोबरेलाची वाटी घेऊन. माझ्या केसांना तुम्ही तेल लावलं होतंत, मग मी मोत्यालाही चोपडलं. कुत्र्याच्या केसाला तेल चालत नाही हेही तुम्हीच सांगितलं होतंत. शेवगावची धूळ, वर तेल! दोन दिवसांत तो चिखलात लोळलेल्या उशीसारखा दिसायला लागला. हौसाबाई दूध घालायला आली, म्हणाली, "बाई, जट आली जनू. जट कापू न्हाई म्हन्त्यात, देवीची आस्ती." तुम्ही असतात तर दुधाची किटली तशीच राहिली असती आणि तिला तास-दीड तासाचं व्याख्यान मिळालं असतं. मला मात्र तिचं म्हणणं सोयीचं वाटलं, काय सांगू तुम्हाला. कुणीतरी म्हणालं ना, कापू नये.

रोज बसायची मी. बोटांनी गाठ फाडायची, मुळाशी मूठ धरायची, कंगव्याच्या कडेच्या दातानं थोडं थोडं ओढायचं. एक कान निम्मा सुटायचा तोवर दुसरीकडे काखेत नवी धरलेली असायची. मुंडकं धरायला कुणी नाही. पहिले दिवस त्यानं सोसलं, नुसता थरथरायचा. मग कंगवा दिसला की तुमच्या पलंगाखाली जाऊन बसायला लागला. मी त्याला ओढून काढायची. हो, ओढून. हे दारात उभे राहून म्हणाले, "मंगल, पुरे कर." मी म्हणाले, "तुम्ही ह्यात पडू नका, हे आमचं आहे." आमचं म्हणजे कुणाचं, ते त्यांनीही विचारलं नाही.

आणि परवा तो मला चावला. फार नाही, दात लागले नुसते. पण वन्सं, चावला आणि लगेच माझा हात चाटायला लागला, तेच माझ्या जिव्हारी लागलं. मी त्याला उताणं केलं, काखेतली जट वर उचलून आत बघितलं. कातडी लालबुंद होती, ओली, एका ठिकाणी पू धरलेला. हा इतके दिवस त्यावर चालत होता. आणि मी वरनं ओढत होते, तुमच्यासाठी म्हणून.

मी तिथंच फरशीवर बसून हाका मारून रडले. तुमच्यावर चिडलेही. म्हणाले, कशाला एवढं कौतुक केलंत, कशाला मला एकदाही कंगवा दिला नाहीत, जड तर जड, शिकला असता हात. गेलात आपल्या निघून! घरात बोलायला माणूस नाही ठेवलंत. शेजारच्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे.

काल सकाळी गाडी केली आणि नगर गाठलं. हे पुढं, मोत्या माझ्या मांडीवर. दुकानातली ती मुलगी त्याला बघून हसली आणि मग तिचं हसू गेलं. "काकू, हे काय झालं? मॅडम कुठेत? त्या असं होऊच देत नाहीत कधी."

तिला ठाऊकच नव्हतं. कोण कळवणार? मी म्हणाले, "मॅडम गेल्या." तिला आधी वाटलं, बाहेरगावी. मला पुन्हा सांगावं लागलं. इतक्या दिवसांत मी ते वाक्य कितीकांना फोनवर सांगितलं, पण तिथं, त्या शाम्पूच्या वासात, मला ते पहिल्यांदा खरं वाटलं. ती पोरगी हातातलं मशीन खाली ठेवून उभी राहिली. म्हणाली, "दर वेळी मला रागवायच्या, कानामागं नीट बघ म्हणून." मी म्हणाले, "तुझं काय घेऊन बसलीस, मला घरी रोज." दोघी हसलो आणि दोघींचे डोळे भरले.

मग तिनं सगळीकडे बोटं घालून बघितलं. म्हणाली, "सोडवता येईल थोडं, पण त्याला लई त्रास होईल काकू, आणि आतली कातडी आधी मोकळी व्हायला पाहिजे. मशीन लावू का?"

तुमचा शब्द मला आठवला, मी असेपर्यंत ह्याला मशीन लागणार नाही. तुम्ही असेपर्यंत लागलं नाही, वन्सं. तुमचा शब्द कुणी मोडला नाही. मी म्हणाले, "लाव."

तिनं मानेपासून सुरू केलं. मी त्याचं मुंडकं धरलं. केस सुटे सुटे पडतील असं वाटलं होतं, तसे पडले नाहीत. आख्खी घोंगडी एकसंध सुटत गेली, आणि खालनं निघाला एवढासा, गुलाबी, बरगड्या मोजाव्यात असा कुत्रा. एवढाच होता हा? इतकी वर्षं आपण एवढ्याशाच्या भोवती बसत होतो? त्यानं एकदा अंग झाडलं, आणि हलकं झाल्याचं त्यालाच नवल वाटलं असावं. दुकानभर पळाला. तुम्ही गेल्यापासून तो पहिल्यांदा पळाला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तो आनंद बघायला मी ज्यांच्याकडे मान वळवायची, त्या तिथं नव्हत्या.

मुलीनं मलम दिलं, काखेला लावायला. म्हणाली, आता केस नाहीत म्हणून सोडू नका, रोज मऊ ब्रश नुसता फिरवा, त्याची सवय मोडता कामा नये, आणि तुमच्याही हाताला वळण लागेल. मग तिनं विचारलं, परत पहिल्यासारखे वाढवायचे की बारीकच ठेवायचे? दर उन्हाळ्यातलं आपलं भांडण. तुमच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मीच बोलले. वाढवायचे, म्हणाले. बोटभर हवेतच, उन्हाला आडोसा असतात.

घरी आल्यावर हे मोत्याला उचलून ओसरीवर बसले. ह्यांच्या डोक्यावर आता कुठं खुंट उगवलेत. एक हात कुत्र्याच्या पाठीवर, एक स्वतःच्या डोक्यावर फिरवला आणि म्हणाले, "घ्या. अक्कासाठी आता आम्ही दोघंही सारखेच." आणि रडले, वन्सं. तुमचा भाऊ पैठणला रडला नव्हता, दवाखान्यात रडला नव्हता.

आज सकाळी मी गच्चीवर सतरंजी घातली. पाट नाही घातला. मोत्याला मांडीवर घेतलं, आणि त्या बोडक्या अंगावरनं ब्रश फिरवला, पायापासून वर, तुम्ही फिरवायचात तसा. मागच्या पायांपासून सुरू केलं. तो निमूट पडून राहिला. हात माझा जडच आहे, पण शिकेन. दुकानातली मुलगी म्हणते, पावसाळ्यापर्यंत पुन्हा पहिल्यासारखा गुबगुबीत होईल, ओळखूही येणार नाही काही झालं होतं ते.

होईलही. केस काय, येतात परत. पण काल तिनं जे झाडूनं गोळा करून डब्यात टाकलं ना, ते मुळापासून टोकापर्यंत रोज तुमच्या बोटांखालून गेलेलं होतं. आता त्याच्या अंगावर जे उगवेल, त्यातल्या एकाही केसाला तुमचा हात लागलेला नसेल.